कोंबडा निवडावा कसा?

परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरात दोन प्रश्न हमखास निघतात. खुराड्यात कोणता कोंबडा ठेवायचा आणि कोणता विकायचा? आणि अंडी देता देता मध्येच खुडूक झालेल्या कोंबडीचे काय करायचे? प्रश्न घरगुती आहेत. पण त्यांच्या मागे लागून माणूस आनुवंशिकतेपर्यंत आणि संप्रेरकांपर्यंत कसा पोचला, ते आपण पाहू.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन लेखकाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. चांगल्या कोंबड्याची लक्षणे त्यात दिली आहेत : तुरा लालभडक व ताठ, चोच आखूड व बाकदार, छाती रुंद. तरुण कोंबडी अंडी घालण्यासाठी राखावी, तिची बसण्याची ओढ नाकपुड्यांतून पीस घालून मोडावी, असेही तो सांगतो. उबवायला विषम संख्येने अंडी ठेवावीत आणि विजेच्या कडकडाटापासून जपण्यासाठी अंथरणाखाली लोखंडी खिळे ठेवावेत, हेही त्यातच आहे. निरीक्षण आणि समजूत एकाच पानावर नांदत होती.

कोंबड्याची निवड त्याच्या रूपावरूनच होत राहिली. पण कोंबडा अंडी घालत नाही; मग त्याच्या मुली किती अंडी देतील, हे तुऱ्यावरून कसे कळणार? अमेरिकेतील मेन राज्याच्या कृषी संशोधन केंद्रात १८९८ मध्ये यावर प्रयोग सुरू झाला. कोंबडी आत शिरली की दार आपोआप बंद होईल, अशी खुराडी वापरून प्रत्येक कोंबडीच्या अंड्यांची वेगळी नोंद ठेवली गेली. पहिल्या वर्षी १६० किंवा अधिक अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि २०० अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे मुलगे, एवढ्यांचीच पैदास केली. सुमारे नऊ वर्षांनी रेमंड पर्ल यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा कळपाची सरासरी वाढलेलीच नव्हती!

असे का झाले? कोंबडीने किती अंडी दिली, यात खाद्य, ऋतू आणि निगा यांचाही वाटा असतो. तो पिल्लांत उतरत नाही. सारख्याच अंडी देणाऱ्या दोन कोंबड्यांपैकी एकीच्या मुली चांगल्या, तर दुसरीच्या बेताच्या निघू शकतात. म्हणून पर्ल यांनी कसोटी बदलली. आईबापांची पारख त्यांच्या मुलींच्या नोंदीवरून केली आणि मग मात्र अंडी वाढली. डेन्मार्कच्या योहान्सेन यांनी १९०९ मध्ये दृश्यरूप आणि जनुकरूप यांत जो भेद केला, त्याचे हे खुराड्यातले उदाहरण होय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९३५ मध्ये मिळाले. ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांना प्रोलॅक्टिन टोचले आणि त्या खुडूक झाल्या. पोटाखालच्या उघड्या त्वचेला अंड्यांचा स्पर्श होत राहिला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून हे संप्रेरक अधिक स्रवते, बीजकोश आक्रसतो आणि अंडी थांबतात. अंडी काढून घेऊन कोंबडीला हवेशीर, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवले, की हे चक्र तुटते.

अंडी वाढवण्यासाठी केलेल्या निवडीत खुडूकपणाही मागे पडला. व्हाइट लेगहॉर्न कोंबडी क्वचितच अंड्यांवर बसते. जिथे उबवणी यंत्र आहे तिथे यात काहीच बिघडत नाही. परसात मात्र बिघडते. हैदराबादला तयार झालेली ‘वनराजा’ गावठी कोंबडीपेक्षा अधिक अंडी देते, पण सहसा खुडूक होत नाही. त्यामुळे पिल्ले विकत आणावी लागतात. ज्या घरात पैसा रोज हाताशी नसतो, तिथे २१ दिवस मुकाट्याने अंडी उबवणारी गावठी कोंबडी हेच यंत्र असते. तेव्हा सगळ्याच कोंबड्यांचा खुडूकपणा मोडू नये, एक-दोन चांगल्या बसणाऱ्या राखाव्यात, असे आम्हांला वाटते.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. ज्या मुलांच्या घरी कोंबड्या आहेत, त्यांनी प्रत्येक कोंबडीची अंडी, खुडूक झाल्याची तारीख आणि निघालेली पिल्ले वर्षभर वहीत लिहावीत. पिल्ले कोणत्या कोंबड्याची, तेही लिहावे. गावात खुडूक मोडण्याचे कोणते उपाय करतात, हे वडीलधाऱ्यांना विचारावे आणि त्यांतला कोणता उपाय का लागू पडत असेल, याची वर्गात चर्चा करावी. पुढच्या वर्षी कोणता कोंबडा ठेवायचा, हे ती वहीच सांगेल.