इंग्रजीची चाळणी आणि आपण

परदेशी विद्यापीठात संशोधनासाठी अर्ज करायचा, तर आधी इंग्रजीची एक वेगळी परीक्षा द्यावी लागते, ही गोष्ट मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळली. मी धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वडील सालदार होते, आई कापूस वेचायला जाई. घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिलाच. शिकलो मराठीतून, शिकवतो मराठीतून. इंग्रजी ग्रंथ वाचतो, टिपणे काढतो. पण इंग्रजी बोलण्याचा प्रसंग आयुष्यात फारसा आलाच नव्हता.

तेव्हा दर शनिवारी एस.टी.ने धुळ्याहून जळगाव गाठायचे, तिथल्या एका भाषावर्गात दोन दिवस बसायचे आणि रविवारी रात्री परतायचे, असे तीन महिने चालले. आयेल्ट्स नावाची ही परीक्षा चार भागांची. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे. नऊपैकी श्रेणी मिळते, आणि ती दोनच वर्षे ग्राह्य धरली जाते. लेखनाला एक तास. त्यात एक मजकूर दीडशे शब्दांचा, दुसरा अडीचशे शब्दांचा. बोलण्याची परीक्षा जेमतेम अकरा ते चौदा मिनिटांची. शुल्क पंधरा हजारांच्या वर. माझ्या आईच्या कापूस वेचण्याच्या मजुरीत हा आकडा बसवून पाहिला आणि हिशेब अर्ध्यावर सोडून दिला.

वर्गात बहुतेक मुले इंग्रजी माध्यमातली, अभियांत्रिकी झालेली. त्यांना ही परीक्षा म्हणजे फक्त सराव. मला मात्र जीभच नव्याने वळवायची होती. शिकवणारे एकदा सर्वांसमोर म्हणाले, ‘तुमच्या इंग्रजीला गावाचा वास येतो.’ वर्ग हसला. मला प्राथमिक शाळा आठवली. आमच्याकडे डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, काळ्याला ‘काया’. त्या ‘य’चा ‘ळ’ करण्यासाठी मी छड्या खाल्ल्या होत्या. म्हणजे माझ्या जिभेची ही दुसरी परीक्षा होती. पहिली पुस्तकी मराठीने घेतली, दुसरी इंग्रजीने. दोन्ही वेळा चुकीची ठरली ती घरची बोली.

पण मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. अपमान घेऊन घरी बसणे मला परवडणारे नाही. भाषेची ही चाळणी कोणी, केव्हा आणि कोणासाठी बसवली, हे पाहणे भाग होते.

१८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारी शाळेत प्रवेश मिळावा, एवढीच त्याची मागणी. न्याय मुलाच्या बाजूने आहे, हे सरकारने मान्य केले. पण एका मुलासाठी युगानुयुगांच्या पूर्वग्रहांना धक्का लावला तर शाळाच ओस पडेल, असे म्हणून त्याला बाहेर ठेवले. पुढच्याच वर्षी, १८५७ साली, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. इंग्रजीत उत्तीर्ण झाल्यावाचून कॉलेजचे दार उघडत नसे. ही परीक्षा कायद्याने सर्वांना खुली होती. तिच्यात जातीचा रकाना अडसर म्हणून कोणी घातला नव्हता. घालण्याची गरजच नव्हती. ज्या शाळेतून परीक्षेकडे वाट जाते त्या शाळेच्या पायरीवरच मुलगा अडवला, म्हणजे परीक्षेचे हात स्वच्छ राहतात. परीक्षेच्या निःपक्षपातीपणाचा हा इतिहास ध्यानात ठेवला पाहिजे.

तरीही आपल्या पूर्वसूरींनी इंग्रजीकडे पाठ फिरवली नाही. सावित्रीबाईंच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी विचारले ते हेच, की रयतेच्या घामातून सरकारचा खजिना भरतो, आणि त्यातून उच्च शिक्षण कोणाच्या पोरांना मिळते? इंग्रजी नको, असे त्यांनी म्हटले नाही. खर्च कोणाचा आणि लाभ कोणाला, एवढेच विचारले.

आणि मग १९०७ साल येते. एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. त्यांना संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्याला संस्कृत शिकवण्यास शिक्षकांनी नकार दिला, म्हणून फारशी घ्यावी लागली. या एका घटनेत आपल्या भाषाप्रश्नाचे सार आहे. ‘स्वभाषा’, ‘स्वसंस्कृती’ म्हणून जिचा गौरव चालतो, तिने दार लावून घेतले. परक्या भाषेने ते निदान किलकिले ठेवले. प्रस्थापित विचारवंत इंग्रजीला गुलामीची भाषा म्हणतात तेव्हा त्यांना ही फारशीची गोष्ट ऐकवावी. आणि २८२ हा आकडाही लक्षात ठेवावा. सहा वर्षांनी, १९१३ साली, बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर हाच विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात गेला आणि तिथे अर्थशास्त्रावर प्रबंध लिहू लागला. त्या गुणांत त्याची बुद्धी मोजली गेली नव्हती. चाळीतल्या एका खोलीत, माणसांच्या गर्दीत अभ्यास करणारा मुलगा किती अंतर कापून आला, हे गुणपत्रिकेच्या कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते.

आता आपल्या खानदेशाकडे येऊ. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब या भागात आले होते. २३ ऑक्टोबरला काम आटोपून मुंबईकडे निघताना ते चाळीसगावला उतरले. धुळे लाईनवरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते परतले आणि चाळीसगावच्या लोकांच्या आग्रहावरून मुक्कामाला थांबले. महारवाडा नदीपलीकडे. स्टेशनवर टांगे उभे होते, पण एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. पाहुण्याला पायी चालवणे लोकांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. आपल्यातलाच एकजण हाकायला बसला; त्याला सवय नव्हती. नदीवरच्या फरशीत चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा नदीत कोसळले.

कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, बॅरिस्टरी, सरकारी समितीचे सदस्यत्व, हे सारे त्या टांग्यात बसले होते. इंग्रजीच्या सर्व परीक्षा पार केलेला माणूस चाळीसगावच्या स्टेशनवर नापास ठरवला गेला. ठरवणारा होता एक टांगेवाला.

ही हकीकत बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहून ठेवली. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या देशातल्या माणसाला नुसत्या व्याख्येने कळणार नाही, म्हणून अनुभवच सांगावेत, अशी त्यामागची भूमिका. १९९० साली ते लेखन पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या मला हे नाव वाचून काय वाटले असेल, ते सांगायला नको. आपल्याच देशातल्या गावात शिरायला ज्यांना परवाना लागत होता, त्यांची साक्ष जगापुढे नेण्यासाठी बाबासाहेबांनी इंग्रजी वापरली. साहेब होण्यासाठी नव्हे.

आजची स्थिती काय? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतली इंग्रजी आणि शहरातल्या महागड्या शाळेतली इंग्रजी यांत केवढे अंतर आहे, हे शिक्षकांना मी सांगण्याची गरज नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या जागा ७५. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. पण २०२२ साली तिच्यातून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे सरकारी पैशाने परदेशी जाऊन यंत्रे शिका, पण आपल्या गावच्या बहिष्काराचा इतिहास तिथे अभ्यासू नका. जागा कागदावर आहेत, आणि त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर हजारोंचे शुल्क आणि भाषावर्गाची फी उभी आहे. धारवाडची पायरी आता दगडाची राहिलेली नाही, एवढेच.

माझा निकाल सांगतो. वाचनात साडेसात, लेखनात सहा. विद्यापीठाला प्रत्येक भागात साडेसहा हवे होते. अर्ध्या श्रेणीने मी राहिलो. पुन्हा बसणार आहे.

मात्र एक काम सुरू केले आहे. गेल्या पावसाळ्यापासून धुळ्यात माझ्या खोलीवर दर रविवारी आठ-दहा मुलेमुली जमतात. वसतिगृहातली आहेत, दोन मुली भिल्ल वस्तीतून येतात. आम्ही एकमेकांशी इंग्रजीत बोलतो, चुकतो, हसतो; पण उच्चारावर कोणी कोणाला हसायचे नाही, असा नियम आहे. कार्यकर्त्यांनी प्रत्येक समाजकल्याण वसतिगृहात अशी एक खोली मागावी. परीक्षेचे शुल्क निवड झाल्यावर नव्हे, आधी मिळावे, ही मागणी लावून धरावी. शिक्षकांनी आठवड्याचे दोन तास द्यावेत. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहायला नको.

बोलण्याच्या परीक्षेत उमेदवाराला एक विषय देतात आणि दोन मिनिटे बोलायला सांगतात. मागच्या रविवारी मी विषय दिला, ‘ठरल्याप्रमाणे न झालेला एक प्रवास’. एक मुलगी उठली आणि अडखळत इंग्रजीत सांगू लागली. स्टेशन, टांगा, नदी, फरशी. दोन मिनिटे संपली, पण तिला कोणी थांबवले नाही. मीही घड्याळ पाहिले नाही.