नेमबाजाचा नेम

नेमबाजीचे सामने पाहावयास जो प्रथमच जातो त्याची बहुधा निराशा होते. कुस्तींत डाव दिसतो, शर्यतींत मागचा पुढें येतांना दिसतो. येथें मात्र आठदहा माणसें अवजड कपडे चढवून पुतळ्यासारखीं उभीं असतात आणि मधून मधून एक बारीकसा आवाज होतो, एवढेंच. पण ज्या लक्ष्याकडे त्या पुतळ्यांची दृष्टि लागलेली असते त्याचें माप ऐकलें म्हणजे हें औदासीन्य टिकत नाहीं. दहा मीटरांवरील एअर रायफलच्या लक्ष्यांत दहा गुणांचें स्थान म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका असतो. उभ्या जागेवरून तो धड दिसतही नाहीं. नेमबाज भोंवतालचें काळें वर्तुळ माशीच्या कड्यांत बरोबर मध्यें धरतो आणि ठिपक्यावर विश्वास ठेवतो. ऐन क्षणीं श्वास किंचित् अडखळला कीं दहाचे नऊ होतात. शेजारीं उभा असलेला प्रतिस्पर्धी त्याला धक्का देत नाहीं, त्याचा बार अडवीत नाहीं. नेमबाजाला पाडणारा जो कोणी असेल तो त्याच्याच मनांत वस्तीला असतो.

अशा खेळांत मनुष्यानें आपल्यापुढें ध्येय काय ठेवावें? 'पदक' हें उत्तर इतकें उघड आहे कीं प्रश्नच निरर्थक वाटावा. परंतु या खेळाच्या गेल्या पाऊणशें वर्षांच्या इतिहासाकडे पाहतां असें दिसून येतें कीं, ज्यांनीं हें उत्तर मनांत धरून बंदूक उचलली त्यांतल्या पुष्कळांस त्याच उत्तरानें दगा दिला. तो इतिहास आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभ हंगेरीच्या एका सैनिकापासून करणें योग्य होईल. कारोय ताकाच हा तेथील सैन्यांत सार्जंट होता व पिस्तुलाच्या नेमबाजींत त्याचें नांव झालें होतें. तथापि १९३६ च्या ऑलिंपिक संघांत त्यास जागा मिळाली नाहीं, कारण ती केवळ अधिकाऱ्यांसाठीं राखलेली होती. हा निर्बंध पुढें उठला. तों १९३८ सालीं लष्करी सरावाच्या वेळीं एक सदोष हातबाँब हातांतच फुटला आणि ज्या उजव्या हातावर सारी भिस्त होती तोच निकामी झाला. इस्पितळांतून बाहेर पडल्यावर ताकाच कोणास न सांगतां डाव्या हातानें पिस्तूल धरावयास शिकूं लागला, आणि १९३९ सालीं त्यानें आपल्या देशाचें अजिंक्यपद मिळविलें. मग महायुद्ध आलें. १९४० व १९४४ च्या ऑलिंपिक स्पर्धा भरल्याच नाहींत. अखेर १९४८ सालीं लंडन येथें, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, ५८० गुणांचा जागतिक उच्चांक करून त्यानें सुवर्णपदक घेतलें, आणि १९५२ सालीं हेल्सिंकी येथें तें पुन्हां मिळविलें.

लंडनच्या त्या सामन्याविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. अर्जेंटिनाच्या जगज्जेत्यानें ताकाचला आश्चर्यानें विचारलें, 'आपण येथें कसे?' ताकाच म्हणाला, 'शिकावयास आलों आहें.' निकाल लागल्यावर दुसऱ्या क्रमांकावर आलेला तो जगज्जेता त्यास म्हणाला, 'आतां आपलें शिकणें पुरें झालें!' आख्यायिकांवर इतिहासकारानें फार भार टाकूं नये. परंतु तींतील मर्म विचारांत घेण्यासारखें आहे. ज्याचा हातच गेला त्याला पदकाची आशा धरून रोजचा दिवस काढतां आला नसता. आज काल्हून थोडें बरें साधावें, एवढेंच ध्येय त्याच्या हातांत उरलें होतें; आणि तेंच त्याला पदकापर्यंत घेऊन गेलें.

ताकाचला हें शहाणपण संकटानें शिकविलें. तें पद्धतशीर रीतीनें शिकवितां येईल काय, याचा विचार ज्यांनीं केला त्यांत अमेरिकेचा लॅनी बॅशम हा प्रमुख होय. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्यें तीन आसनांच्या रायफल स्पर्धेंत, म्हणजे निजून, उभें राहून व गुडघा टेकून नेम धरण्याच्या स्पर्धेंत, त्याला रौप्यपदक मिळालें. त्याचाच सहकारी जॉन रायटर ११६६ गुण मिळवून पहिला आला. बॅशमचे गुण ११५७ होते. जगांत दुसरा येणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे, पण बॅशमला तो आपला पराभव वाटला. त्यानें स्वतःची झडती घेतली आणि असा निष्कर्ष काढला कीं, उणीव हाताच्या कौशल्यांत नसून दडपणाखालीं मन कसें सांभाळावें याच्या अज्ञानांत आहे. तें शिकविणारी शाळा त्याला कोठें आढळेना, म्हणून तो ऑलिंपिक विजेत्यांच्या भेटी घेऊन त्यांनाच विचारूं लागला कीं, ऐन प्रसंगीं तुमच्या मनांत काय चाललेलें असतें?

या विचारपुशींतून त्यानें जें शास्त्र बसविलें त्याचा सारांश थोडक्यांत असा. जाणतें मन एका वेळीं एकाच गोष्टीकडे लक्ष देऊं शकतें. म्हणून तें निकालाकडे गेलें कीं कृतीवरून उठलेंच. अजाणत्या मनाकडे हजारों बारांच्या सरावानें कौशल्य सोंपवावयाचें. आणि या दोहोंखेरीज तिसरी एक गोष्ट म्हणजे 'मी कसा आहें' याविषयींची मनुष्याची स्वतःची समजूत. तिच्या मर्यादेबाहेर त्याची करणी सहसा जात नाहीं. म्हणून चुकलेला बार घोळवीत बसूं नये, साधलेला बार वहींत लिहून ठेवावा, आणि प्रत्येक बारापूर्वीं तीच ती क्रिया त्याच त्या क्रमानें मनांत व शरीरांत घडवावी.

१९७६ सालीं माँट्रियल येथें या शास्त्राची परीक्षा झाली. बॅशम व त्याच्याच संघांतील मार्गारेट मर्डॉक या दोघांचेही गुण ११६२ भरले. स्त्रिया व पुरुष एकाच स्पर्धेंत उतरत अशा त्या काळांत, ऑलिंपिक नेमबाजींत पदक मिळविणारी मर्डॉक ही पहिली स्त्री. बरोबरी झाल्यास शेवटच्या दहा बारांचे गुण पाहावे असा नियम होता. त्यांत बॅशम सरस ठरला. राष्ट्रगीताच्या वेळीं त्यानें मर्डॉकला हात देऊन वरच्या पायरीवर आपल्या शेजारीं उभें केलें. ज्या पदकासाठीं चार वर्षें झटावें त्याची पायरी अशी वांटून घेणें त्याच मनुष्यास साधतें, ज्यानें पदक मिळविलें असून पदकास आपणांस मिळवूं दिलेलें नाहीं.

या अनुभवास पुढें प्रयोगशाळेचाही दुजोरा मिळाला. १९८४ सालीं हॅटफील्ड, लँडर्स व रे या अमेरिकन संशोधकांनीं निष्णात नेमबाजांच्या मेंदूंतील विद्युत्-लहरींची चाप ओढण्यापूर्वींच्या क्षणांत नोंद घेतली. तो क्षण जसजसा जवळ येई तसतशा मेंदूच्या डाव्या भागांत अल्फा नांवाच्या लहरी वाढत. या लहरींची वाढ म्हणजे तो भाग विसावल्याचें चिन्ह मानतात. आणि भाषेचें काम मुख्यतः याच भागाकडे असतें. म्हणजे कुशल नेमबाजाच्या मनांतील बोलणें त्या घटकेला मावळत जातें, असें अनुमान यावरून निघतें. 'मी जिंकेन' हें वाक्य काय आणि 'मी हरेन' हें वाक्य काय, दोन्ही वाक्येंच. आणि त्या शांततेंत दोहोंनाही सारखीच बंदी आहे.

पण शास्त्र कळलें म्हणजे संकट टळलें असें मात्र नव्हे. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्यें एक सुवर्णपदक आधींच जिंकून तीन आसनांच्या स्पर्धेंत शेवटच्या बारास उभा राहिला, तेव्हां तो इतका पुढें होता कीं सव्वासात गुणांचा साधा बारही त्यास पुरला असता. त्यानें बार काढला, पण आपल्या लक्ष्यावर न काढतां शेजाऱ्याच्या लक्ष्यावर! गुण शून्य, क्रमांक आठवा. २००८ सालीं बीजिंग येथें तो पुन्हां शेवटच्या बारापर्यंत आघाडीवर होता. बंदूक लक्ष्यावर आणतां आणतां चापाला बोट अगोदर लागलें, ४.४ गुण मिळाले आणि तो चौथा आला. अशा मनुष्यानें बंदूक खुंटीस टांगली असती तर त्याला कोणी नांवें ठेवलीं नसतीं. पण २०१२ सालीं लंडन येथें तो त्याच स्पर्धेंत पुन्हां उभा राहिला व कांस्यपदक घेऊन परतला. ध्येय केवळ सुवर्णाचें असतें तर ही तिसरी खेप त्याच्या हातून झाली नसती, असें आम्हांस वाटतें.

याच अथेन्सच्या स्पर्धांत आपल्या देशाचा अभिनव बिंद्रा एअर रायफलच्या अंतिम फेरींत पोंचला होता आणि तेथें सातवा आला. तो जेथें उभा होता तेथली फरशी सैल होती असें मागाहून कळलें. येथें दोन मार्ग होते. फरशीस दोष देऊन मोकळें व्हावें हा एक. आणि पुढच्या खेपेस पायाखालची फरशी हलली तरी मन हलूं नये अशी तयारी करावी हा दुसरा. बिंद्रानें दुसरा पत्करला. भीतीशीं ओळख करून घेण्यासाठीं तो सुमारें चाळीस फूट उंच खांबावर चढला. मेंदूच्या लहरींच्या यंत्रापुढेंही बसला. २००८ च्या ११ ऑगस्ट रोजीं बीजिंग येथें अंतिम फेरीपूर्वींच्या चाचणी-बारांत त्याच्या बंदुकीची साइट भलतीकडेच गेलेली आढळली. हातीं असलेल्या थोड्या मिनिटांत ती त्यानें जुळवून घेतली. नऊ बारांनंतर फिनलंडचा हाक्किनेन व तो बरोबरीनें होते. दहाव्या बारास हाक्किनेनला ९.७ मिळाले व बिंद्राला १०.८. एकूण ७००.५ गुणांनीं भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक आलें. तरीही त्याच बिंद्राला २०१६ सालीं रिओ येथें चौथ्या क्रमांकावर थांबावें लागलें, हें विसरतां कामा नये. मनाचें शिक्षण म्हणजे यशाची हमी नव्हे. तशी हमी देणारा कोणी भेटल्यास त्याच्यापासून दूर राहणें बरें.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनें हा धडा आपल्या घराजवळ आणला. तीन वर्षांपूर्वीं टोकियोंत पिस्तूल बिघडल्यामुळें मागें पडलेल्या मनू भाकरनें येथें दोन कांस्यपदकें मिळविलीं, आणि शेवटच्या क्षणीं मनांत काय होतें असें विचारतां गीतेचा उल्लेख केला: आपलें काम करावें, फळ दैवावर सोडावें. आमच्या महाराष्ट्रांत गीतेवर ज्ञानेश्वरांपासून टिळकांपर्यंत एवढा विचार झाला, आणि तरीही फळावरची दृष्टि काढून हात कसा चालवावा हें आम्ही बहुधा व्यासपीठावरच ऐकत आलों. एका बावीस वर्षांच्या मुलीनें तें चापावर बोट ठेवून करून दाखविलें.

त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १ ऑगस्ट रोजीं, कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचा स्वप्निल कुसळे तीन आसनांच्या अंतिम फेरींत उतरला. हा रेल्वेंत तिकीट तपासनीसाची नोकरी करणारा तरुण. सकाळीं पोटांत काळ्या चहाखेरीज कांहीं नव्हतें, छाती धडधडत होती, गुणफलकाकडे पाहिलें नाहीं, श्वासाकडे लक्ष ठेवलें व निराळें कांहीं करावयास गेलों नाहीं, असें त्यानें मागाहून सांगितलें. गुडघ्यावरच्या फेरीनंतर तो सहावा होता, निजून झालेल्या फेरीनंतर पांचवा, आणि उभ्यानें नेम धरतां धरतां ४५१.४ गुणांसह तिसरा. १९५२ सालीं हेल्सिंकी येथें खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक आणलें होतें. त्यानंतर बहात्तर वर्षांनीं महाराष्ट्राच्या मुलाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालें.

आतां शेवटची गोष्ट, आणि ती आमच्यासारख्या कुटुंबवत्सल वाचकांसाठीं आहे. आज शहरोशहरीं मुलें नेमबाजी शिकूं लागलीं आहेत, व त्यांच्या पाठीमागें बसलेले आईबाप पडद्यावरचे आंकडे मोजीत असतात. मुलगा वळून पाहतो तेव्हां त्याला लक्ष्य दिसत नाहीं. आईचा चेहरा दिसतो, आणि त्या चेहऱ्यावर आपले गुण दिसतात. परीक्षेच्या निकालाच्या दिवशीं हेंच चित्र घरोघरीं असतें. ध्येय ठेवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पदकाची आस नसती तर कोणी पहाटे उठून रिकाम्या बंदुकीनें तासन् तास सराव केला नसता. पण ती आस मुलाला मैदानाच्या दारापर्यंत पोंचवून तेथेंच थांबली पाहिजे.

आपल्या भाषेनें याचा निवाडा पूर्वींच करून ठेविला आहे. 'नेम' म्हणजे लक्ष्यावर रोखलेली दृष्टि, आणि 'नेम' म्हणजेच रोज न चुकतां पाळावयाचें व्रत. घरांतील म्हातारी माणसें सकाळचा नेम झाल्यावांचून तोंडांत पाणी घेत नसत, आणि त्या नेमाचें फळ आज मिळालें कीं नाहीं असें सायंकाळीं कोणी विचारीत नसे. मुलगा मैदानावरून घरीं आला म्हणजे 'किती गुण पडले?' असें विचारण्याऐवजीं 'आजचा नेम झाला का?' एवढेंच विचारून पाहावें. या प्रश्नाचें उत्तर त्याच्या स्वाधीन असतें.