मज्जातंतूंचा वेग आणि मनाचें कोडें

बोटास चटका बसतो व वेदना त्याच क्षणीं होते, असा सर्वसाधारण समज असतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत विद्वानांची समजूतहि याहून फारशी निराळी नव्हती. मज्जातंतूंतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मोजण्याचें सामर्थ्य मनुष्यास बहुधा कधींच लाभणार नाहीं, असें बर्लिनचे विख्यात शरीरशास्त्रज्ञ योहान्नेस म्युलर ह्यांचें मत होतें. सजीव देहांत एक निराळी जीवनशक्ति वावरते, असेंहि ते मानीत.

ह्या मतास छेद दिला तो त्यांच्याच शिष्यांनीं. भौतिक व रासायनिक शक्तींखेरीज दुसरी कोणतीहि शक्ति देहांत मानावयाची नाहीं, अशी शपथ १८४२ सालीं एमिल ड्यू ब्वा-रेमों व अर्न्स्ट ब्र्यूके ह्यांनीं घेतली. त्यांचे स्नेही हेर्मान हेल्महोल्ट्झ ह्यांनीं १८५० सालीं क्योनिग्झबर्ग येथें बेडकाचा स्नायु मज्जातंतूसह घेतला. तंतूस स्नायूच्या जवळ व दूर अशा दोन ठिकाणीं विजेचे धक्के दिले, आणि स्नायु आकसण्यास लागलेल्या वेळांतील फरक मोजला. वेग निघाला सेकंदास अवघा सुमारें २७ मीटर. हवेंतील ध्वनीच्या वेगाचा हा बारावा हिस्साहि नव्हे!

आतां मनाचाहि उलगडा होणार, असें अनेकांस वाटूं लागलें. परंतु १८७२ सालीं लाइपझिग येथील शास्त्रज्ञांच्या मेळाव्यांत ड्यू ब्वा-रेमों ह्यांनींच ह्या आशेला मर्यादा घातली. मेंदूंतील प्रत्येक अणूचें स्थान व गति कळली, तरी त्या गतीपासून वेदना किंवा रंगाची जाणीव कां उपजावी, हें मनुष्यास कधींहि कळणार नाहीं, असें त्यांनीं प्रतिपादिलें. त्यांनीं आपली शपथ मोडली नव्हती. मन मेंदूवर अवलंबून आहे, हें त्यांस मान्यच होतें. अवलंबून असणें व उलगडा होणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

गुरूंचें 'कधींच नाहीं' खोटें ठरलें, मग शिष्याचेंहि ठरेल काय? वेग हा अंतर व काळ ह्यांचा हिशेब; तो साधनांच्या अभावीं अडला होता. वेदना मात्र ज्याची त्यासच कळते. १९९८ सालीं मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख ह्यांनीं, जाणिवेची मेंदूंतील खूण पंचवीस वर्षांत सांपडेल, अशी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स ह्यांच्याशीं पैज लाविली. २०२३ सालीं कॉख ह्यांनीं हार मानली. तथापि एक पैज हरल्यानें शास्त्र हरत नाहीं, आणि एक वेग मोजल्यानें मन मोजलें जात नाहीं, हाच ह्या इतिहासाचा बोध होय.