पाकिटामागची गोष्ट



महालक्ष्म्यांच्या आठवडाभर आधी बार्शीटाकळीच्या कोणत्याही मेडिकलवर थोडं उभं राहून पाहा. कोणी डोकेदुखीची गोळी मागते, कोणी अ‍ॅसिडिटीची. मग गर्दी कमी झाली की एखादी हळूच म्हणते, “भाऊ, पाळी लांबवायची गोळी द्या.” भाऊ कागदात गुंडाळून देतो. काय गोळी, किती दिवस, कोणाला चालत नाही, यातलं काही बोलणं होत नाही. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की आम्हाला दर वेळी एकच गोष्ट दिसते. गोळी घरात आली, तिची माहिती मात्र दुकानातच राहिली. हे असं का झालं, ते समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

1921 साली मुंबईत र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनीही असंच केंद्र काढलं होतं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा हा थोरला मुलगा, गणिताचा प्राध्यापक. या कामापायी त्यांना कॉलेजची नोकरी सोडावी लागली. 1927 च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि 1953 साली मरेपर्यंत चालवलं. पत्नी मालतीबाई पाठीशी होत्या. शकुंतला परांजपे यांनीही हेच काम हाती घेतलं आणि जन्मभर केलं. मासिकात लोक पत्रं पाठवून प्रश्न विचारत आणि कर्वे साध्या भाषेत उत्तर देत. आज आपण जे आशाताईला कानात विचारतो ना, तेच प्रश्न. या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली कोर्टात कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तेव्हा त्यांनी लिहिलेलं भाषण रोहम यांनी वाचलं. तो ठरावही पडला.

मधल्या काळात आपल्या शेजारच्या वर्ध्यातही हा वाद रंगला होता. 1935 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या. साधनं बाईच्या हाती द्या, असं त्यांचं म्हणणं. गांधीजी म्हणाले संयम पाळा, बाईनं नवऱ्याला नाही म्हणायला शिकावं. गांधीजींबद्दल आम्हाला आदर आहे. पण रात्री दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला ‘नाही’ म्हणून कोणाचं भागलं असेल, हे आमच्या गटातल्या बायांनाच विचारा.

स्वातंत्र्यानंतर 1952 साली सरकारनं कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम घेणारा भारत जगातला पहिला देश. 1965 मध्ये ‘लूप’ आली, म्हणजे आपल्या आजच्या तांबीची मोठी बहीण. बसवायची घाई झाली, पण नंतर रक्तस्राव होऊ शकतो, पोटात दुखू शकतं, हे सांगायला आणि पुन्हा तपासायला पुरेशी माणसं नव्हती. बाया घाबरल्या आणि लूप बदनाम झाली. आजही तांबीचं नाव काढलं की एखादी आजी “वर काळजात चढते” म्हणते, ती भीती तेव्हापासून उतरत आली असावी. तांबी गर्भाशयातच असते, काळजाकडे जायला तिला वाटच नाही.

1968 साली निरोध बाजारात आला, 15 पैशाला तीन. चहा, साबण आणि बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतून तो खेड्यापाड्यातल्या किराणा दुकानात पोचला. आणि मग 1976. आणीबाणीत एका वर्षात देशभर 82 लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यात बहुतेक पुरुष. तिसऱ्या मुलानंतर सक्तीनं ऑपरेशन करणारा कायदा आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूरही केला होता. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो थांबला. पुरुषांना त्या सक्तीचा असा धाक बसला की पुढाऱ्यांनी त्यांचं नावच सोडलं आणि सगळा भार बायकांवर आला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या जवळपास 38 विवाहित बायांचं ऑपरेशन झालेलं आढळलं. पुरुषांचं प्रमाण हजारात तीन. खरं तर पुरुषाचं बिनटाक्याचं ऑपरेशन सोपं, पोट उघडावं लागत नाही. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि तपासणी करून घ्यावी लागते. हे घरी सांगायचं तर ऐकणाऱ्याचा चेहरा कसा होतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता मेडिकलवरच्या त्या गोळीकडे येऊ. तिच्यात बहुधा नोरएथिस्टेरॉन नावाचं औषध असतं. ते पहिल्यांदा 1951 साली मेक्सिकोत तयार झालं, तिथल्या एका जंगली कंदातून काढलेल्या पदार्थापासून. पुढे त्याच जातीची औषधं गर्भनिरोधक गोळ्यांत आली. म्हणून ही गोळी गर्भनिरोधकाच्या नात्यातली आहे. पण पाळी लांबवायला चार-आठ दिवस घेतली तर त्यानं गर्भ राहायचा थांबत नाही. ज्यांना पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती त्यांनी ती घेऊच नये. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी यायला हवी. नाही आली तर तपासणी करा.

याच औषधाचं इंजेक्शनही निघालं होतं. हैदराबादजवळ पाटनचेरू इथं ते बायांना प्रयोग म्हणून देणार होते आणि पुरती माहिती कोणी देत नव्हतं. स्त्री शक्ती संघटनेच्या बायांनी हे हेरलं आणि 1986 साली काही जणींनी मिळून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आज सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी मिळतं ते ‘अंतरा’, ते वेगळं औषध आहे. त्यानं पाळी पुढंमागं होते, कधी बंदही होते. हे आधी सांगितलं तर बाई घाबरत नाही. कोर्टातलं भांडण या सांगण्यासाठीच होतं.

सांगितलं नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण टीबीचं आहे. 1970 नंतर लगेच जर्मनीत डॉक्टरांच्या लक्षात आलं की गर्भनिरोधक गोळी रोज घेणाऱ्या काही टीबीच्या बायांना मध्येच रक्त जातंय, काही जणींना तर दिवस गेलेत. कारण निघालं टीबीचं रिफाम्पिसिन. त्यानं लिव्हरचं काम इतकं वाढतं की गर्भनिरोधक गोळी शरीरात टिकायच्या आधीच साफ होते. टीबीचा कोर्स साधारण सहा महिने चालतो आणि बंद केल्यावरही महिनाभर हा परिणाम राहतो. तेवढ्या काळात माला-एन वर विसंबू नका. तांबी, अंतरा इंजेक्शन किंवा निरोध चालतो. मिरगीच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या गोळ्यांचंही तसंच. टीबीची किंवा मिरगीची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, साधन बदला.

बैठकीत विचारतात, “ताई, मग तापाची गोळीपण नाही घ्यायची का?” घ्या. पॅरासिटामॉल, अ‍ॅसिडिटीची गोळी, नेहमीच्या बहुतेक अँटिबायोटिक यांनी गर्भनिरोधक गोळी निकामी होते असं दिसत नाही. पण गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या. माला-एनच्या पाकिटातल्या 28 पैकी 7 काळपट गोळ्या लोहाच्या आहेत, त्या फेकायच्या नाहीत. बीपी जास्त असेल किंवा अंगावर सहा महिन्यांच्या आतलं बाळ पीत असेल तर माला-एन नको. ‘छाया’ गोळी लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत आपल्याच शास्त्रज्ञांनी शोधली, तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा.

72 तासांत घ्यायची गोळी 2005 पासून चिठ्ठीशिवाय मिळते. जितकी लवकर तितकी चांगली. ती अडचणीची आहे, रोजची नाही. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. पाडायच्या गोळ्या वेगळ्या, त्या डॉक्टरांशिवाय मेडिकलवरून आणून घेऊ नका, जास्त रक्त गेलं तर जीवाशी येतं. गर्भपात 1971 च्या कायद्यानं मान्य आहे, दवाखान्यात लाजायचं कारण नाही.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या डब्यातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा, रिकामी असली तरी. कोणाची टीबीची, कोणाची मिरगीची, कोणाची पाळीची. सिस्टरताई येणार आहेत, एकेक पाकीट हातात घेऊन त्यांना विचारू.