काजळी, शिसे आणि मिस्त्री : नागपुरातील मोटार-इंजिन दुरुस्तीचा एक दुर्लक्षित अध्याय

प्रस्तावना

भारतातील मोटार वाहतुकीचा इतिहास बहुधा कारखाने, परवाने आणि रस्ते यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. गाडी विकली गेल्यानंतर ती वीस-पंचवीस वर्षे कोणाच्या हातांनी चालती राहिली, हा प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित होतो. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास हा शोधांपेक्षा वापराचा व देखभालीचा इतिहास असावा, असे प्रतिपादन केले. डेव्हिड अर्नोल्ड यांच्या 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) या ग्रंथाने शिलाई यंत्र, सायकल, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी यांना भारतीय आधुनिकतेच्या चर्चेत स्थान दिले. या मांडणीच्या प्रकाशात नागपूरच्या गॅरेजमधील एका साध्या कामाकडे पाहता येते. ते काम म्हणजे पुष्कळ चाललेल्या इंजिनात साचलेला कार्बन खरवडून काढणे. पुस्तकी भाषेत त्याला डीकार्बनायझिंग म्हणत. मिस्त्रींच्या लेखी ते 'हेड उतरवण्याचे' काम होते.

कोळशावरच्या मोटारी

नागपूर हे १९५६ पर्यंत मध्य प्रांताचे व नंतर मध्य प्रदेशाचे राजधानीचे शहर होते. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण जाणारे देशातील दोन प्रमुख रस्ते येथे मिळत असल्याने मोटार आणि तिची दुरुस्ती या दोहोंना येथे लवकर आश्रय मिळाला. तथापि इंजिनातील काजळी ही सार्वत्रिक डोकेदुखी झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४१ पासून पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि बसगाड्यांना प्रोड्यूसर गॅसचा आधार घ्यावा लागला. गाडीला जोडलेल्या भट्टीत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला जाई. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड, थोडा हायड्रोजन आणि पुष्कळसा निरुपयोगी नायट्रोजन यांचे मिश्रण गाळणीतून इंजिनात ओढले जाई. जंगलांनी वेढलेल्या प्रांतात कोळशाची वाण नव्हती. अडचण गाळणीची होती. डांबरी अंश आणि बारीक राख गाळणीला चुकवून आत शिरे, व्हॉल्व्ह चिकटत, सिलिंडरच्या भिंती झिजत, आणि आधीच घटलेली शक्ती आणखी घटे. प्रवाशांच्या आठवणीत या गाड्या चढावर उतरून ढकलण्यासाठी राहिल्या. मिस्त्रींच्या दृष्टीने मात्र हेड वारंवार उतरवण्याचा सराव याच वर्षांनी दिला.

टंचाईतून आलेले दीर्घायुष्य

स्वातंत्र्यानंतरच्या धोरणाने या कौशल्याला कायमची गरज मिळवून दिली. तयार मोटारींच्या आयातीवर निर्बंध आले. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत येथील जुळणीचे काम बंद केले. मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात उरल्या त्या मुख्यतः उत्तरपाड्याची अँबॅसेडर आणि कुर्ल्याची फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. दोन्हींसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. जी गाडी बदलता येत नाही ती दुरुस्त करावीच लागते. डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि टॅक्सीवाले यांच्या एकाच गाडीवर दोन-दोन पिढ्या गेल्या, यामागे हौसेपेक्षा निरुपाय अधिक होता.

इंधन आणि इंजिनतेल पूर्णपणे न जळाल्यामुळे पिस्टनच्या माथ्यावर, ज्वलनकक्षात आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर कठीण थर जमतो. हा थर जागा व्यापतो, त्यामुळे मिश्रण अधिक दाबले जाते. तो उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. परिणामी ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि इंजिन 'नॉक' करू लागते. कित्येकदा किल्ली बंद केल्यावरही तापलेल्या कार्बनच्या कणांवर इंजिन काही काळ धडधडत राही. कमी ऑक्टेनचे तत्कालीन पेट्रोल आणि पंचेचाळीस अंशांपर्यंत जाणारा नागपूरचा उन्हाळा या दोन्ही गोष्टी या दोषाला पोषकच होत्या.

पाणी काढून, कार्ब्युरेटर व मॅनिफोल्ड सोडवून हेडचे नट ठरावीक क्रमाने सैल करावे लागत. क्रम चुकला तर हेड वाकण्याची भीती. आरंभीच्या अँबॅसेडरमध्ये व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने हेड म्हणजे जवळजवळ एक झाकण होते. १९५९ मध्ये हेडमध्ये व्हॉल्व्ह असलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आले आणि काम वाढले. रॉकर, पुशरॉड, स्प्रिंगा सगळे उतरवून, जिथले तिथे बसेल असे क्रमाने मांडून ठेवावे लागे. फियाटचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने तेथे पोलादी पात्याऐवजी लाकडाची किंवा बोथट पट्टी वापरणे शहाणपणाचे ठरे. थर रॉकेलने भिजवून मऊ केला जाई. मग व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून आपल्या बैठकीवर हाताने घासले जात. करड्या रंगाचे अखंड वर्तुळ उमटेपर्यंत मिस्त्री थांबत नसे.

या कामातील एक बारकावा विशेष उल्लेखनीय आहे. जुन्या इंजिनाच्या पिस्टनचा माथा पूर्ण लखलखीत करायचा नसतो. कडेची अरुंद कार्बनची पट्टी तशीच ठेवायची, कारण झिजलेल्या सिलिंडरमध्ये तीच तेलाला अटकाव करते. त्यासाठी जुनी पिस्टन रिंग कडेवर ठेवून आतला भागच खरवडण्याची युक्ती होती. स्वच्छतेचा अतिरेक केल्यास गाडी निळा धूर सोडू लागते, हे ज्ञान पुस्तकांतही आहे. पण शिकाऊ पोराने ते उस्तादाच्या हाताकडे पाहूनच घेतले.

राज्य परिवहनाची व्यवस्था मात्र वेगळी होती. विदर्भातील सरकारी बससेवा राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई राज्याच्या महामंडळात विलीन झाली आणि पुढे दापोडी व चिकलठाणा यांच्याप्रमाणे नागपूरलगत हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा उभी राहिली. तेथे वेळापत्रक आणि नोंदवह्या होत्या. लहान गॅरेजने तसे कागद मागे ठेवले नाहीत, आणि इतिहासकाराची खरी अडचण तीच आहे.

भेसळ

कार्बनचे सगळेच खापर जुन्या इंजिनांवर फोडता येणार नाही. शिधापत्रिकेवरील स्वस्त रॉकेल आणि पेट्रोल-डिझेल यांच्या किमतीतील तफावतीने भेसळीला जन्म दिला. रॉकेलचे जड अंश पेट्रोलच्या इंजिनात नीट जळत नाहीत, त्याचे ऑक्टेनही कमी. म्हणजे काजळी आणि नॉकिंग दोन्ही वाढतात. अनुदान गरिबाच्या दिव्यासाठी होते, त्याचा धूर मोटारीतून निघाला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडनजीक अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. इंजिनातील काळ्या थराला किती क्रूर अर्थकारण चिकटलेले होते, हे त्या घटनेने महाराष्ट्राला दाखवले.

शिशाची धूळ

या इतिहासातील सर्वांत गंभीर बाब खरवडलेल्या थराच्या घटकांशी निगडित आहे. १९२१ मध्ये थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा नॉकरोधक गुण आढळला आणि शिसे जगभरच्या पेट्रोलमध्ये शिरले. भारतात चार महानगरांत १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. नागपूर महानगरांत मोडत नव्हते. तोपर्यंत येथील हेडमध्ये जमणारा थर निव्वळ कार्बनचा नव्हता. त्यात शिशाचे क्षार होते. ते कोरड्या तारेच्या ब्रशने घासले जात आणि हवेच्या झोताने उडवले जात. हेडखालच्या गॅस्केटमध्ये बहुधा ॲस्बेस्टॉस असे, आणि चिकटलेले गॅस्केटही खरवडूनच निघे. हात पेट्रोलनेच धुतले जात. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था याच शहरात १९५८ पासून कार्यरत असली, तरी शहरी हवेच्या प्रश्नाची चर्चा प्रामुख्याने धुराड्यानंतरच्या धुराची झाली. धुराड्याच्या अलीकडे, बॉनेटखाली वाकलेल्या माणसाच्या श्वासाची ती क्वचितच होती.

कायद्याच्या पातळीवरही हीच दरी दिसते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाच्या विषबाधेची नोंद अगदी आरंभी आहे. ती आढळल्यास डॉक्टरने कळवणे बंधनकारक होते. परंतु हा अधिनियम सर्वसाधारणपणे वीज वापरणाऱ्या जागेत दहा, आणि वीज नसल्यास वीस कामगार असतील तरच लागू होई. उस्ताद, दोन कारागीर आणि एक-दोन पोरे एवढ्यावर चालणारे गॅरेज 'कारखाना' ठरत नव्हते. इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीच्या गाड्या आल्या, अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, हेड उतरवण्याचे प्रसंग विरळ झाले. ज्यांनी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात ऐन तारुण्याची वर्षे हे काम केले, त्यांतील अनेक मिस्त्री आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांचे रक्तदाब, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे यांचा अभ्यास, तसेच त्यांच्या मौखिक साक्षी नोंदवण्याचे काम विदर्भातील वैद्यकीय, अभियांत्रिकी व इतिहास विभागांना एकत्रितपणे हाती घेता येण्याजोगे आहे. त्यासाठी उपलब्ध असलेला कालावधी फार मोठा नाही.