डब्यावरील आकडा

बंगळूरच्या जुन्या विमानतळाच्या रस्त्याने पूर्वेकडे गेल्यास मारतहळ्ळी ही वस्ती लागते. नाव कानी पडताच मराठी माणसास ते मराठ्यांचे एखादे जुने ठाणे असावे असे वाटते. तेथील कित्येक रहिवासी मात्र त्या नावाचा संबंध जून १९६१ मध्ये शेजारच्या धावपट्टीवरून प्रथम उडालेल्या ‘मारुत’ विमानाशी जोडतात. दोन्ही तर्कांचा आधार एकच, तो म्हणजे ध्वनिसाम्य. नाव जुळले की वस्तूही जुळली, असे मानण्याकडे मनुष्याचा स्वाभाविक ओढा असतो; आणि हाच ओढा मोटारीच्या तेलाच्या बाबतीत त्यास हमखास गोत्यात आणतो.

जुनी मोटार जतन करणाऱ्या कोणत्याही घरी एका फळीवर अर्धेमुर्धे डबे साठलेले दिसतात. एकावर ‘एस. ए. ई. ४०’ असे लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘२० डब्ल्यू ४०’, तर तिसऱ्यावर नुसतेच ‘९०’. प्रत्येकात पावशेर, अर्धा शेर तेल उरलेले. टाकून देणे जिवावर येते. एकत्र ओतावे, तर एंजिनाची काळजी वाटते. हा पेच क्षुल्लक वाटला, तरी त्याच्या पाठीशी शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

बैलगाडीच्या काळी हा प्रश्न नव्हता. एरंडेलात काजळी कालवून केलेले वंगण आसाला लावले की काम भागे. हेच एरंडेल पुढे थेट आकाशात गेले, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांची एंजिने स्वतःभोवती गरगर फिरणारी होती. त्यांत इंधन आणि वंगण यांची वाट एकच असे. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होई. एरंडेल त्यात सहजी विरघळत नसे, म्हणून वैमानिकांची भिस्त एरंडेलावर होती. ‘कॅस्ट्रॉल’ या प्रसिद्ध नावाचा उगमही १९०९ च्या सुमारास एरंडाच्या इंग्रजी नावातूनच झाला. परंतु एरंडेल तापून चिकट होते, आणि खनिज तेलाशी त्याचे नीट जमत नाही. दोन्ही एकत्र ओतली तरी थंड होताच वेगळी होऊ पाहतात. तेलात तेल मिसळणारच, ही समजूत येथे खोटी ठरली.

खनिज तेलाचा प्रसार झाला, तसा नवा गोंधळ सुरू झाला. प्रत्येक कारखानदार आपले तेल ‘हलके’, ‘मध्यम’ किंवा ‘जड’ म्हणून विकी. एकाचे मध्यम ते दुसऱ्याचे जड असे. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये तेलांची पहिली प्रमाणबद्ध वर्गवारी प्रसिद्ध केली, आणि पुढे आकड्यांच्या श्रेणी रूढ झाल्या. हे आकडे तेलाचा दर्जा सांगत नाहीत. ते केवळ दाटपणा, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील श्यानता, सांगतात. शिवाय ४० हे कशाचेही चाळीस माप नव्हे. शंभर अंश सेल्सिअसला ज्याची श्यानता साडेबारा ते १६·३ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान भरते, त्या तेलाच्या गटास ४० हे नाव आहे. त्याच्या खालचा ९·३ ते साडेबारा हा पट्टा ३० या नावाचा.

तेल तापले की पातळ होते आणि गारठ्यात दाट होते. कोणते तेल किती बदलते, हे मोजण्याचा निर्देशांक डीन व डेव्हिस या दोघांनी १९२९ मध्ये सुचविला. थंड हवामानासाठी ‘डब्ल्यू’ अक्षराच्या श्रेणी आल्या, आणि १९५० नंतरच्या दशकात गारठ्यात एका श्रेणीचे तर उष्णतेत दुसऱ्या श्रेणीचे काम करणारे तेल बाजारात रुळले. ही किमया त्यात घातलेल्या विशिष्ट बहुवारिकांची. मळ धरून ठेवणारी, झीज रोखणारी द्रव्येही तेलात आली. दाटपणाचा आकडा याविषयी मूकच होता. म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने १९४७ मध्ये तेलांची गुणावरून वेगळी वर्गवारी केली.

या सर्व शास्त्राचे एक मराठी धागेदोरे मारतहळ्ळीच्या शेजारीच सापडतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे विमानांचा कारखाना उभारला, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी स्थापन केली. पुढे ‘पद्मिनी’ याच कंपनीतून बाहेर पडली. विमान कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी आखलेले ‘एच. टी. २’ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये आकाशात झेपावले. घाटगे हे ग्योटिंगेनच्या प्रांट्ल यांचे शिष्य. आणि प्रवाही पदार्थाचा पृष्ठभागालगतचा पातळ थर श्यानतेमुळे कसा वागतो, हे १९०४ मध्ये उलगडून दाखविणारे प्रांट्लच होत.

विमानाच्या पिस्टन एंजिनाच्या तेलावर १०० हा आकडा असतो. तो मोटारीच्या ५० श्रेणीच्या जवळपास येतो. त्याच डब्यावरील ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा निदर्शक नसून राख न ठेवता मळ धरणाऱ्या द्रव्याचा निदर्शक असतो. मोटारीच्या दंतचक्रांचे ९० हे तेल दाटपणात एंजिनाच्या ४० किंवा ५० च्या आसपासच असते, मात्र त्यातील गंधकयुक्त द्रव्ये एंजिनासाठी नाहीत. आकडा आपापल्या कोष्टकातच खरा बोलतो.

मग फळीवरील डब्यांचे काय करावे? एंजिनाचीच दोन नवी, न वापरलेली खनिज तेले एकमेकांत मिसळतात. आजच्या प्रमाणित तेलांकडून तर तशी अपेक्षाच असते. ३० आणि ५० सारख्या प्रमाणात मिसळली, तर मिश्रण बहुधा ४० च्या पट्ट्यात पडते. मात्र ते सरळ सरासरीपेक्षा किंचित पातळच भरते. ‘४०’ आणि ‘२० डब्ल्यू ४०’ यांचे मिश्रण उष्णतेत ४० च राहील, थंडीतील त्याचे वर्तन मात्र कोणी तपासलेले नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील बंगळूरला हिमवर्षाव होत नाही. म्हणून हा धोका तेथे लहान आहे. गरजेपुरती भर घालण्यास असे मिश्रण चालेल. नित्याचा परिपाठ म्हणून नव्हे. दंतचक्रांचे तेल, एरंडेलाचे तेल आणि एकदा वापरून काढलेले तेल यांना मात्र एंजिनात प्रवेश नसावा. वर्षानुवर्षे साध्या तेलावर चाललेल्या एंजिनात मळ सोडविणारे तेल ओतल्यास साचलेला गाळ एकदम सुटून तेलाच्या वाटा बुजण्याची भीती असते. तेथे तेल व गाळणी लवकर बदलणे इष्ट.

काटकसर हा मध्यमवर्गीय घराचा मोठा गुण आहे. पावशेर तेल वाचविणे त्यास शोभते. पण त्यासाठी एंजिन पणास लावणे हा व्यवहार नव्हे. मारतहळ्ळी हे नाव ऐकून तिचा इतिहास ठरविणारा माणूस फार तर एका आख्यायिकेत भर घालतो. डब्यावरील आकडा वाचून त्यातील द्रव्य ठरविणाऱ्याच्या चुकीची किंमत मात्र दुरुस्तीच्या बिलावर नोंदली जाते.