जमिनीवर पडलेला चिमटा

१६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस द्यायला सुरुवात झाली तेव्हा पहिल्या यादीत माझं नाव होतं, आणि मी गेले नाही. इनचार्ज सिस्टरना सांगितलं, "अंगात कणकण आहे." कणकण वगैरे काही नव्हती. त्या आठवड्यात आमच्या वॉर्डातल्या बऱ्याच जणींना काही ना काही होतच होतं! लोक म्हणायचे, नर्सच घाबरल्या तर आम्ही कुणाकडे बघायचं? मला राग यायचा, आणि उत्तरही सुचायचं नाही.

खरं तर कारण साधं होतं. आमच्याकडे कोव्हॅक्सिन आली होती. तिला ३ जानेवारीला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे आकडे बाहेर आलेले नव्हते, आणि टोचून घेण्याआधी वेगळ्या संमतीपत्रावर सही करायची होती. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी तर त्याच दिवशी पत्र दिलं, की आम्हाला कोव्हिशील्ड द्या. लस नको असं त्यांनी म्हटलंच नव्हतं.

त्या दिवसांत मी हाफकिनबद्दल मिळेल ते वाचत बसले. परळची संस्था सगळ्यांना माहीत असते, माणूस कमी. वाल्डेमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरात, प्लेग सुरू झाल्यावर मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात जेमतेम जागा घेऊन कामाला लागला. मटणाच्या रश्श्यात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे, म्हणजे त्या थेंबांना लोंबत जंतू वाढतात (तूप! हे वाचून मला फार आपलं वाटलं), मग उष्णता देऊन ते मारायचे. १० जानेवारी १८९७ ला त्याने पहिली लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखलं, पण माणूस ठीक राहिला. मग कॉलेजातले काही जण पुढे आले. त्यांनी छापील आकडे पाहिले नव्हते, पण लस करणारा माणूस त्यांच्यासमोर फिरत होता. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग झाला. त्यांच्या 'स्वेच्छे'बद्दल मला शंका आहे, पण ते असो.

मला पकडून ठेवलं ते पुढच्या गोष्टीने. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुल्कोवाल गाव, आता पाकिस्तानात. त्या दिवशी १०७ जणांना प्लेगची लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले, आणि सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळालेली, क्रमांक ५३-एन. चौकशी आयोगाने बोट ठेवलं मुंबईच्या प्रयोगशाळेवर. उत्पादन वाढावं म्हणून हाफकिनने कार्बोलिक ॲसिड घालणं सोडून फक्त उष्णतेवर भर दिला होता, तेच कारण धरलं गेलं. त्याचं संचालकपद गेलं.

पण साक्षीत आणखी एक गोष्ट होती. बाटली उघडताना चिमटा मातीत पडला होता. तो नीट उकळून न घेता नुसता कार्बोलिकमध्ये हलवून पुन्हा वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू आधीपासून बाटलीत वाढत असते तर उघडताना वास आला असता. तो आला नव्हता. मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हे मांडलं आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरला. त्याला पुन्हा भारतात काम मिळालं, पण कलकत्त्यात. मुंबईची प्रयोगशाळा गेली ती गेलीच. तिला त्याचं नाव दिलं १९२५ मध्ये.

ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी ड्रेसिंग करताना माझ्या हातून फोर्सेप पडला होता. बाहेर रांग, ट्रेमध्ये दुसरा नाही, आणि बघणारं कुणी नाही. मी तो स्पिरिटने पुसला आणि वापरला. त्या पेशंटला काही झालं नाही. म्हणजे मला कळण्यासारखं काही झालं नाही. आज पहिल्यांदाच हे कुठे लिहितेय.

तेव्हा मला भीती कशाची होती? बाहेरच्या माणसाला लस म्हणजे एक बंद बाटली दिसते. आम्हाला त्या बाटलीभोवतीचे हात दिसतात, घाई दिसते, वर गेलेले आणि न गेलेले रिपोर्ट दिसतात. आकडे आधी दाखवा म्हणणाऱ्या दिल्लीच्या त्या डॉक्टरांना मी मूर्ख म्हणणार नाही. पण मी कुठे काही विचारलं होतं? मी कणकण सांगितली होती, तीही खोटी.

फेब्रुवारीत गेले. तिसऱ्या टप्प्याचे पहिले आकडे ३ मार्चला आले, म्हणजे मी थांबले ते आकड्यांसाठी नव्हतंच. समोर माझ्याहून खूप लहान मुलगी होती. तिने नवी सिरिंज माझ्यासमोर फोडली, औषध भरलं. मी चेहऱ्याकडे नाही, तिच्या हातांकडे बघत होते, अगदी टोचून होईपर्यंत.

"सिस्टर, काही पडलं का माझ्याकडून?" तिने विचारलं.

"नाही गं," म्हटलं आणि अर्धा तास बसायच्या खोलीत गेले.